छताखालील स्थान : उपग्रहीय स्थाननिश्चितीची ऐतिहासिक जडणघडण आणि तिची मर्यादा

प्रास्ताविक

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत स्थाननिश्चिती हे तज्ज्ञांचे काम न राहता सर्वसामान्यांच्या हातातील सोय बनले. पूर्वी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सर्वेक्षकाला थिओडोलाइट आणि नाविकाला सेक्स्टंट लागत असे, त्या ‘आपण कोठे आहोत’ या प्रश्नाचे उत्तर आज हातातील टॅबलेट काही क्षणांत देतो. मात्र हाच टॅबलेट इमारतीत नेला असता नकाशावरील ठिपका कधी शेजारच्या इमारतीवर, कधी रस्त्यापलीकडे, तर कधी दुसऱ्याच वस्तीत जाऊन स्थिरावतो. हा अनुभव सार्वत्रिक असूनही त्याचे स्पष्टीकरण बहुधा ‘यंत्रात बिघाड आहे’ किंवा ‘रेंज नाही’ एवढ्यावरच थांबते.

वस्तुतः हा बिघाड नाही. जी.पी.एस. या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी अमेरिकन प्रणाली कोणासाठी, कोणत्या काळात व कोणत्या गरजेतून निर्माण झाली, याचा मागोवा घेतल्यास छताखाली तिचे अपुरे पडणे हा तिच्या मूळ आराखड्याचाच परिणाम असल्याचे दिसून येते. जहाज, विमान, क्षेपणास्त्र आणि उघड्या मैदानावरील सैनिक हे तिचे अभिप्रेत उपयोगकर्ते होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही डोक्यावर काँक्रीटचे छत नव्हते. प्रस्तुत लेखात या प्रणालीच्या घडणीचा इतिहास, इमारतीत तिच्या संकेतांचे होणारे परिणाम, टॅबलेटसारख्या साधनाने शोधलेले पर्यायी मार्ग आणि या साऱ्यातून उभा राहणारा प्रामाण्याचा प्रश्न यांचा क्रमाने विचार केला आहे.

दृष्टिरेषा आणि घड्याळ : दोन जुन्या अटी

स्थाननिश्चितीच्या इतिहासात दोन अटी सातत्याने आढळतात. पहिली अट दृष्टिरेषेची, म्हणजे ज्या खुणेच्या आधारे स्थान ठरवावयाचे ती खूण निरीक्षकाला अडथळ्याविना दिसण्याची होय. दुसरी अट अचूक काळमापनाची आहे.

नाविकाला अक्षांश काढण्यासाठी सूर्य किंवा ध्रुवतारा आणि क्षितिज दोन्ही दिसणे आवश्यक असे. रेखांशाचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण रेखांश म्हणजे दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळेतील फरक होय. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून घड्याळ चार मिनिटांनी चुकले की नाविकही एक अंशाने चुकत असे. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये रेखांशाच्या उत्तरासाठी पारितोषिक जाहीर केले आणि जॉन हॅरिसन याने समुद्रावर टिकणाऱ्या घड्याळाच्या रूपाने ते उत्तर दिले. त्याच्या चौथ्या घड्याळाची जमैकापर्यंतची चाचणी १७६१-६२ मध्ये झाली.

भूमीवरील सर्वेक्षणात दृष्टिरेषेची अट अधिक ठळकपणे दिसते. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रास येथे आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली, त्याचा सारा डोलारा एका शिखरावरून दुसरे शिखर दिसण्यावर उभा होता. या कामात असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटनचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याच्या कारकिर्दीत हे काम गंगेच्या सपाट प्रदेशात पोहोचले, तेव्हा झाडी, वस्ती आणि धूळ यांतून दूरची खूण दिसेना. यावर उपाय म्हणून उंच मनोरे बांधावे लागले. खूण दिसत नसेल तर गणित कितीही निर्दोष असले तरी स्थान मिळत नाही, हा त्या सर्वेक्षणाचा धडा होता. उपग्रहांच्या युगात खुणा आकाशात गेल्या आणि डोळ्यांची जागा रेडिओग्राहकाने घेतली, तरी ही अट रद्द झाली नाही.

रेडिओ खुणांपासून उपग्रहांपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या वेळी व ढगांआड स्थान ठरविण्यासाठी ब्रिटनची ‘जी’ आणि अमेरिकेची ‘लोरान’ या रेडिओप्रणाली विकसित झाल्या. जमिनीवरील ज्ञात ठिकाणांहून निघालेले संकेत ग्राहकापर्यंत किती फरकाने पोहोचतात, यावरून स्थान काढण्याचे त्यांचे तत्त्व होते. पुढील काळातील लोरान-सी प्रणालीची केंद्रे शंभर किलोहर्ट्झ या नीच वारंवारतेवर अत्यंत शक्तिशाली संकेत प्रक्षेपित करीत. त्यांची अचूकता मर्यादित होती. परंतु संकेत बलवान असे. उपग्रहांनी ही तुलना नेमकी उलटी केली. अचूकता वाढली, मात्र ग्राहकापर्यंत पोहोचणारा संकेत अतिशय क्षीण झाला.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख यांनी त्याचे रेडिओसंकेत टिपले व त्यांतील डॉप्लर परिणामावरून उपग्रहाची कक्षा निश्चित केली. १९५८ मध्ये त्याच संस्थेतील फ्रँक मॅक्लूर यांनी हा प्रश्न उलटा मांडला. जमिनीवरील ज्ञात ठिकाणावरून उपग्रहाचे स्थान कळत असेल, तर ज्ञात कक्षेतील उपग्रहावरून जमिनीवरील अज्ञात ठिकाणही कळले पाहिजे. या विचारातून ‘ट्रान्झिट’ ही पहिली उपग्रहीय मार्गदर्शन प्रणाली निर्माण झाली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह एप्रिल १९६० मध्ये कक्षेत गेला आणि १९६४ पासून ती अमेरिकन नौदलाच्या वापरात आली. पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्यांना आपले अचूक स्थान कळावे, हा तिचा मुख्य हेतू होता. पाणबुडीलाही स्थान घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत अँटेना वर आणावा लागे, कारण समुद्राचे पाणी हे या संकेतांच्या दृष्टीने जाड छतच होते.

१९७३ चा आराखडा

ट्रान्झिटची सेवा अखंड नव्हती आणि वेगाने जाणाऱ्या विमानांना ती उपयोगाची नव्हती. त्यामुळे अमेरिकन नौदल व हवाई दल यांनी स्वतंत्र प्रयोग हाती घेतले. नौदल संशोधन प्रयोगशाळेत रॉजर ईस्टन यांच्या पुढाकाराने ‘टायमेशन’ प्रकल्पात अचूक घड्याळ उपग्रहावर नेण्याची कल्पना आकारास आली. त्यातील पहिला उपग्रह १९६७ मध्ये सोडण्यात आला. हवाई दलाच्या ‘६२१-बी’ प्रकल्पात विशिष्ट सांकेतिक क्रमाने घडविलेल्या रेडिओसंकेतांचा अभ्यास झाला. सप्टेंबर १९७३ च्या आरंभी पेंटॅगॉनमध्ये कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या बैठकीत या दोन प्रवाहांचा समन्वय होऊन जी.पी.एस.चा आराखडा सिद्ध झाला व त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास मंजुरी मिळाली. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिला उपग्रह कक्षेत पोहोचला.

या आराखड्याचे तत्त्व साधे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील प्रत्येक उपग्रह आपले स्थान व आपली वेळ सतत सांगत असतो. संकेत निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील अंतराला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. ग्राहकाचे घड्याळ स्वस्त व अस्थिर असल्याने तीन दिशांबरोबर वेळ ही चौथी अज्ञात राशी ठरते. म्हणून किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. येथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे तीनशे मीटरची चूक होय. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार उपग्रहावरील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळाच्या तुलनेत दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती आराखड्यातच अंतर्भूत करावी लागली. हॅरिसनच्या घड्याळाची परंपरा अशा रीतीने कक्षेत पोहोचली.

मात्र याच आराखड्यात इमारतीतील मर्यादाही दडलेली होती. उपग्रहाची विद्युतशक्ती त्याच्या सौरफलकांपुरती मर्यादित असते. नागरी संकेताची प्रक्षेपणशक्ती काही दहा वॉटच्या घरातील, म्हणजे खोलीतील एखाद्या दिव्याइतकी होती. अर्ध्या पृथ्वीवर पसरत आलेला हा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा, एकावर सोळा शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येने एका वॉटला भागावे इतक्या क्षीण पातळीवर असतो. ही पातळी ग्राहकातील नैसर्गिक गोंगाटाच्याही खाली आहे. १०२३ अंशांचा ठरावीक सांकेतिक क्रम दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा येत असल्यामुळेच ग्राहक तो गोंगाटातून वेगळा काढू शकतो. मोकळ्या आकाशाखाली ही युक्ती उत्तम चालते. तथापि तीत छतासाठी राखीव अशी शक्ती फारशी नव्हती. ज्या उपयोगकर्त्यांचा विचार झाला होता, त्यांना तिची गरज नव्हती.

छताखाली संकेताचे काय होते

इमारतीत होणारे परिणाम चार प्रकारचे आहेत व ते एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिला परिणाम क्षीणनाचा. नागरी संकेताची मूळ वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ असून तिची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे. हे तरंग कोरडे लाकूड व साधी काच यांतून थोडीशी हानी सोसून जातात. कौलारू घरात तुलनेने बरा संकेत मिळतो. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट स्लॅबखाली मात्र तो शंभरावा किंवा हजारावा हिस्सा एवढाच उरू शकतो, आणि एकावर एक मजले असतील तर ही हानी वाढत जाते. पत्र्याचे छप्पर धातूचे असल्यामुळे ते संकेत जवळजवळ परतवूनच लावते. उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या आधुनिक काचाही साध्या काचेपेक्षा पुष्कळच अधिक अडथळा करतात.

दुसरा परिणाम परावर्तनाचा होय. खिडकीतून आत येणारा संकेत पुष्कळदा थेट उपग्रहाकडून न येता समोरच्या इमारतीवर आपटून आलेला असतो. ग्राहक केवळ वेळ मोजतो. वाट मोजत नाही. आडवाटेने आलेल्या संकेताला लागलेला जादा वेळ तो जादा अंतर म्हणून नोंदवितो. परावर्तित मार्ग साठ मीटरने लांब असेल, तर त्या उपग्रहापासूनचे अंतरही तेवढेच चुकते. दाट उंच इमारतींच्या महानगरांत हा दोष रस्त्यावरही आढळतो. घरात तो अधिक तीव्र होतो.

तिसरा परिणाम भूमितीचा आहे. अचूक स्थानासाठी उपग्रह आकाशात चहूकडे विखुरलेले असणे हितावह असते. खिडकीजवळच्या टॅबलेटला आकाशाचा एकच तुकडा दिसतो व उपलब्ध उपग्रह एकाच बाजूला एकवटतात. अशा स्थितीत अंतरमापनातील लहानशी चूकही स्थानात अनेक पटींनी वाढून उतरते. त्रिकोणमितीय सर्वेक्षकालाही अरुंद कोनाचे त्रिकोण टाळावे लागत, त्यामागील कारण हेच होते.

चौथा परिणाम माहितीच्या खंडाचा. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला केवळ ५० बिट इतक्या मंद गतीने पाठवितो. एका उपग्रहाची आवश्यक माहिती ग्रहण करण्यास, संकेत अखंड असेल तर, साधारण अर्धा मिनिट लागते. इमारतीत संकेत तुटक येत असल्याने ही माहिती पूर्ण होतच नाही.

लष्करी साधनाचे नागरीकरण आणि छताचा प्रश्न

१ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले व पाडले गेले. त्यात २६९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच महिन्यात अमेरिकेच्या रेगन प्रशासनाने, प्रणाली पूर्ण झाल्यावर ती नागरी वापरासाठी खुली राहील, असे जाहीर केले. १९९१ च्या आखाती युद्धाने तिची उपयुक्तता जगापुढे आणली आणि १९९५ मध्ये ती पूर्णतः कार्यान्वित झाल्याचे घोषित झाले. नागरी संकेतात हेतुपुरस्सर मिसळलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली व नागरी अचूकता सुमारे शंभर मीटरवरून वीस मीटरच्या आत आली. या तारखेनंतरच मोटारीतील व हातातील मार्गदर्शक यंत्रांचा बाजार विस्तारला.

छताचा प्रश्न सार्वजनिक धोरणात आला तो मात्र आपत्कालीन सेवेच्या वाटेने. भ्रमणध्वनीवरून मदत मागणाऱ्याचे ठिकाण कळेना, म्हणून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये दूरध्वनी कंपन्यांवर स्थान कळविण्याचे बंधन घातले. या बंधनातून ‘साहाय्यित जी.पी.एस.’ला चालना मिळाली. उपग्रहाची कक्षा, अंदाजे वेळ व अंदाजे ठिकाण ही माहिती दूरध्वनीच्या जाळ्यातून आधीच ग्राहकाला द्यावयाची आणि ग्राहकाने केवळ क्षीण संकेत शोधावयाचा, अशी ही विभागणी होती. त्याच सुमारास हजारो शक्यता एकाच वेळी तपासणाऱ्या अतिसंवेदनशील चिप तयार झाल्या आणि उंबरठ्याच्या आतही काही प्रमाणात स्थान मिळू लागले.

या प्रगतीचा एक अनपेक्षित परिणाम येथे नोंदविणे आवश्यक आहे. जुने ग्राहक इमारतीत शिरताच मौन पाळत; ‘संकेत नाही’ एवढेच दाखवीत. नवे ग्राहक परावर्तित व दुर्बळ संकेतही ऐकू शकतात, म्हणून ते उत्तर देतात. परंतु ते उत्तर चुकीच्या वाटेने आलेल्या संकेतावर बेतलेले असू शकते. संवेदनशीलता वाढल्याने अज्ञानाची जागा काही वेळा चुकीच्या ज्ञानाने घेतली, असे म्हणावे लागेल.

आयोगाचे १९९६ नंतरचे निकष प्रामुख्याने उघड्यावरील कॉल गृहीत धरणारे होते. इमारतीतील कॉलचा स्वतंत्र विचार करणारा आदेश २०१५ मध्ये निघाला. त्यानुसार ५० मीटरच्या आत स्थान देता येणाऱ्या कॉलचे प्रमाण सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे बंधन आले. २०१९ मध्ये उंचीसाठी तीन मीटर वर वा खाली हा निकष ८० टक्के कॉलकरिता ठरविण्यात आला. बहुमजली इमारतीत रस्ता व दार अचूक कळूनही मजला न कळल्यास अग्निशामक दल किंवा रुग्णवाहिका वेळेवर पोहोचत नाही. मोजणीतील काही मीटरचा फरक येथे जिवाशी निगडित होतो.

टॅबलेटचे वेगळेपण : वाय-फायच्या खुणा

टॅबलेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अनेक टॅबलेटमध्ये उपग्रहाचा ग्राहकच नसतो. एप्रिल २०१० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या आयपॅडच्या केवळ वाय-फाय असलेल्या आवृत्तीत जी.पी.एस. नव्हते, ते थ्री-जी आवृत्तीपुरते मर्यादित होते, आणि ही विभागणी त्या मालिकेत पुढेही टिकून राहिली. तरीही नकाशावर ठिपका उमटतो. तो परिसरातील वाय-फाय राउटरांच्या आधारे उमटलेला असतो.

इमारतीतील स्थानशोधाचे प्रयोग यापूर्वीच सुरू झाले होते. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास कर्मचाऱ्यांच्या अंगावरील बिल्ल्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांच्या साहाय्याने ते कोणत्या खोलीत आहेत हे टिपले जाई. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० मध्ये मांडलेल्या ‘रडार’ या पद्धतीत इमारतीच्या निरनिराळ्या भागांतील वायरलेस संकेतांची तीव्रता आधी नोंदवून तिच्याशी तुलना केली जाई. २००३ मध्ये स्थापन झालेल्या स्कायहूक वायरलेस या अमेरिकन कंपनीने हे तत्त्व शहरांच्या पातळीवर नेले. तिची वाहने रस्तोरस्ती फिरून राउटरांचे क्रमांक व ठिकाणे नोंदवीत. २००८ मध्ये ॲपलने ही सेवा आयफोन व आयपॉड टच यांसाठी स्वीकारली आणि एप्रिल २०१० पासून स्वतःच्या नोंदवहीचा वापर सुरू केला. गूगलच्या रस्ताचित्रण मोटारीही अशाच नोंदी घेत होत्या. त्या करताना असुरक्षित जाळ्यांवरील खासगी मजकूरही गोळा झाल्याचे कंपनीला मे २०१० मध्ये मान्य करावे लागले. छताखालील अचूकतेसाठी घराघरांतील राउटर सार्वजनिक खूण बनले आणि त्याची किंमत खासगीपणाच्या रूपाने पुढे आली.

या पद्धतीचे दोषही तिच्या स्वरूपातूनच उद्भवतात. लॅम्बटनच्या सर्वेक्षणातील टेकडी जागची हलत नव्हती, राउटर हलतो. एखाद्या कुटुंबाने घर बदलताना राउटर सोबत नेला, तर नोंदवही अद्ययावत होईपर्यंत नव्या घरातील टॅबलेट जुन्याच घराचा पत्ता सांगू शकतो. ग्रामीण भागात नोंदलेले राउटर विरळ असल्याने अंदाज ढोबळ होतो. राउटरही ओळखीचा नसेल आणि जाळ्याच्या क्रमांकावरूनच ठिकाण काढावयाचे असेल, तर चूक शहराची किंवा राज्याचीही असू शकते. दूरध्वनी मनोरा, वाय-फाय, उपग्रह व गतिमापक या सर्वांचे उत्तर एकत्र करून यंत्र एकच ठिपका दाखविते. त्यापैकी कोणत्या साक्षीदाराच्या शब्दावर तो ठिपका ठेवला आहे, हे वापरणाऱ्याला दिसत नाही.

भारतीय संदर्भ

१९९९ च्या कारगिल संघर्षानंतर परकीय प्रणालीवर विसंबण्याचा धोका भारतीय धोरणचर्चेत ठळक झाला. १ जुलै २०१३ रोजी भारतीय प्रादेशिक प्रणालीचा पहिला उपग्रह आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा उपग्रह सोडण्यात आला; याच वेळी तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. अनेक उपग्रहांवरील आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडल्याने या प्रणालीस मोठा फटका बसला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एन.व्ही.एस.-०१ या उपग्रहावर प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्यापुढील उपग्रह मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून त्यांचे संकेतही छताच्या बाबतीत त्याच भौतिक नियमांनी बांधलेले आहेत. स्वदेशी प्रणालीमुळे सामरिक परावलंबन कमी होते. स्लॅबचा अडथळा कमी होत नाही.

प्रशासनातील वापराची दोन उदाहरणे हा भेद स्पष्ट करतात. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राबविलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवितो. येथे प्रणाली आपल्या मूळ भूमीवर, म्हणजे मोकळ्या आकाशाखाली काम करते. याउलट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी चेहरा-ओळख आणि जी.पी.एस. यांवर आधारित हजेरी लागू केली. शवविच्छेदनगृह, शस्त्रक्रियागृह वा तळमजल्यावरील क्ष-किरण विभाग ही या हजेरीची स्वाभाविक ठिकाणे होत. आणि नेमकी हीच ठिकाणे उपग्रहसंकेताला सर्वांत प्रतिकूल आहेत. प्रत्यक्ष हजर असलेली व्यक्ती नोंदीत परिसराबाहेर दिसण्याची शक्यता अशा व्यवस्थेत गृहीत धरावीच लागते.

ठिपका, वर्तुळ आणि प्रामाण्य

नकाशावरील निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असते. अँड्रॉइड प्रणालीच्या अधिकृत व्याख्येनुसार या अचूकता-वर्तुळाची विश्वासार्हता ६८ टक्के मानलेली आहे. म्हणजेच यंत्राचा स्वतःचा अंदाज बरोबर असतानाही, साधारणतः तीनपैकी एका वेळी खरे स्थान वर्तुळाबाहेर असू शकते. अमेरिकन शासनानेही मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता सुमारे ४.९ मीटर असल्याचे नमूद करताना इमारती, पूल व झाडे यांच्या सान्निध्यात ती घटते, असे स्पष्ट केले आहे. प्रणालीच्या निर्मात्यांनी मर्यादा लपविलेली नाही. वापराच्या प्रवासात वर्तुळ गळून पडते आणि ठिपका तेवढा उरतो. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे सहा-सात अंकांपर्यंत लिहिले की सेंटिमीटरच्या अचूकतेचा भास होतो. नोंदवहीच्या रकान्यात अनिश्चिततेसाठी जागा नसते.

याचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, हे अमेरिकेतील एका प्रकरणातून दिसते. मॅक्समाइंड ही कंपनी इंटरनेट-क्रमांकांवरून ठिकाणाचा अंदाज देत असे. एखादा क्रमांक अमेरिकेत आहे एवढेच ठाऊक असल्यास ती देशाच्या मध्याजवळचा, सोयीसाठी पूर्णांकात आणलेला एक बिंदू देई. तो बिंदू कॅन्सस राज्यातील पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडला. साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या बिंदूशी जोडले गेले. परिणामी तेथे राहणाऱ्या निरपराध लोकांकडे वर्षानुवर्षे पोलीस, तपास अधिकारी आणि फसवणुकीला बळी पडलेली संतप्त माणसे येत राहिली. २०१६ मध्ये वृत्तशोधातून हे कारण उजेडात आल्यावर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलविला. या प्रकरणात उपग्रहाचा संबंध नव्हता. मात्र ‘माहीत नाही’ हे उत्तर बिंदूच्या रूपात लिहिले की ते कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहते, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली. ग्राहक नसलेला टॅबलेट अशाच अंदाजांच्या शेवटच्या पायरीवर उभा असतो, म्हणून हे उदाहरण प्रस्तुत विषयाला लागू पडते.

तांत्रिक सुधारणा होतच राहतील. २०१८ पासून दोन वारंवारतांचे संकेत घेणारे स्मार्टफोन उपलब्ध झाले आणि त्यामुळे परावर्तनाचा दोष काही अंशी ओळखता येऊ लागला. वाय-फाय संकेताच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजणारी पद्धत २०१६ च्या मानकात समाविष्ट झाली. योग्य राउटर असल्यास ती एक-दोन मीटरपर्यंत अचूकता देते. वायुदाबमापकावरून मजल्याचा अंदाज घेता येतो. तथापि यांपैकी काही उपायांसाठी इमारतीच्या आत नव्या खुणा बसवाव्या लागतात. एव्हरेस्टने मनोरे उभारले, त्यातलाच हा प्रकार आहे.

निष्कर्ष

१. छताखालील स्थानदोष हा टॅबलेटमधील बिघाड नसून १९७३ च्या लष्करी आराखड्याचा, त्यातील क्षीण संकेताचा व मोकळ्या आकाशाच्या गृहीतकाचा परिणाम आहे.

२. स्थाननिश्चितीच्या साधनांत आमूलाग्र बदल होऊनही दृष्टिरेषा आणि अचूक घड्याळ या दोन अटी त्रिकोणमितीय सर्वेक्षणापासून उपग्रहापर्यंत कायम राहिल्या आहेत.

३. ग्राहकाची संवेदनशीलता वाढल्याने इमारतीत स्थान मिळू लागले. परंतु चुकीचे स्थान आत्मविश्वासाने दाखविले जाण्याची शक्यताही त्यामुळेच वाढली.

४. टॅबलेटवरील ठिपका पुष्कळदा उपग्रहाचा नसून राउटरच्या नोंदवहीचा असतो. म्हणून त्यास ‘जी.पी.एस.चा पुरावा’ म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

५. हजेरी, तपास वा लाभाची पात्रता अशा प्रयोजनांसाठी इमारतीतील स्थानाची नोंद घेताना तिच्यासोबत अचूकतेची त्रिज्या व स्थानाचा स्रोत नोंदविणे आवश्यक आहे. केवळ ठिपक्याच्या आधारे कोणाचीही गैरहजेरी सिद्ध मानली जाऊ नये. संबंधित व्यक्तीस अन्य पुरावा सादर करण्याची संधी नियमातच असावी.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील निरीक्षक आपल्या कोनांबरोबर त्यांतील संभाव्य चुकीचाही हिशेब ठेवीत असत, आणि त्या हिशेबामुळेच त्यांच्या मापनाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. आज मापन यंत्राकडे गेले असले, तरी चुकीचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्या मापनाच्या आधारे निर्णय घेणाऱ्या संस्थांकडेच राहते.